वरची लोकर

बहात्तरच्या दुष्काळात कानिफ मेंढरं जगवायला कोकणाकडं गेला होता. दिवाळीनंतर त्यानं ओळखीच्या माणसाबरोबर लोकरीचं पोतं धाडलं आणि निरोप दिला, "मेंढरं बरी हायेत. आईला घोंगडी करून घ्या."

त्याची बायको कडूबाई ते पोतं घेऊन खर्ड्याला पुंजाराम सणगराकडं आली. घोंगडी विणण्याआधी लोकर निवडावी म्हणून पुंजारामनं पहिली मूठ काढली. मऊ, काळीभोर, नीट कातरलेली. दुसरी मूठ काढली आणि त्याचा हात थांबला. या केसांना मुळं होती. जित्या मेंढराची लोकर कातरतात, मेलेल्याची उपटून काढतात. त्यानं पार तळापर्यंत हात घातला. सगळी तशीच होती. एवढं पोतं भरायचं म्हणजे कळपात काही उरलं नसणार. कडूबाई समोर बसून त्याच्या बोटांकडं बघत होती. हिला कसं सांगावं, त्याला कळेना.

"पोरी," तो जपून म्हणाला, "वरची लोकर लई चांगली हाय. खालची न्हाई चालायची. तिचा धागा टिकत न्हाई."

"ठाव हाय, मामा."

पुंजारामनं मान वर केली. "मग ही वरची कुठली?"

"दारातल्या कोकराची. म्याच कातरून वर घातली." कडूबाईनं पोत्याचं तोंड आवळलं. "सासूबाईंना दिसत न्हाई. पोतं आल्यापासून रोज त्यात हात घालून लेकाची मेंढरं चाचपत्यात."