वाढवू का?

काचेच्या गर्भपेटीसमोर इंदुमतीबाईंनी पिशवीतून खण, तांदूळ आणि नारळ काढला खरा, पण ओटी भरायची कुठे हे त्यांना कळेना. पेटीला पदर थोडाच असतो! शेवटी त्यांनी ते सगळं पेटीच्या पायाशीच ठेवलं.

आत त्यांची अजून न जन्मलेली, पाच महिन्यांची नात अंगठा चोखत होती.

लेक आणि जावई वेगळे होणार होते. आता मूलही नको, असं दोघांनी सकाळी या गर्भकेंद्राला कळवून टाकलं होतं. जन्मापर्यंत हक्क फक्त आईबापांचा. आजीला कायदा विचारत नव्हता.

"अगं, मी सांभाळते हिला. मला दे," त्या नर्सला पुन्हा म्हणाल्या.

"आजी, माझ्या हातात असतं तर..." नर्स पेटीच्या कळेपाशी गेली. तिने हळूच विचारलं, "वाढवू का आता?"

इंदुमतीबाईंचा चेहरा एकदम उजळला. "वाढव ना! तेच तर मघापासून म्हणतेय मी."

नर्सने मान खाली घातली. नारळ कुणी 'फोडत' नाही, वाढवतात. बांगडीसुद्धा वाढवतात. तसंच इथे 'बंद करू का' असं कुणाच्या तोंडून निघत नसे.

इंदुमतीबाईंची नजर पायाशी ठेवलेल्या नारळाकडे गेली आणि तिथेच खिळली.

"नारळ आहे का गं ती?" त्या कशाबशा म्हणाल्या.

नर्सने कळ दाबल्यावरही काच बराच वेळ कोमट होती. इंदुमतीबाईंनी तिच्यावर टेकवलेला तळवा काढला नाही.