अध्यक्षांची मिरवणूक

फुटबॉल लीगचा शेवटचा सामना आमच्या तालमीचा संघ चार गोलांनी हरला. कप पलीकडच्या पेठेत गेला, तरी हलगी आम्ही वाजवली. अध्यक्ष आबांना खांद्यावर घेतलं. सख्ख्या भाच्याला गोलकीपर केलेला हा माणूस गुलालात हात हलवत जुन्या कपाची गोष्ट सांगत होता. तो कप आमच्या वडिलांच्या लग्नाआधीचा!

मिरवणूक जिंकलेल्या तालमीच्या दारात थांबली. आबांना आम्ही पायरीवर उतरवलं.

"तुमच्या विजयात ह्यांचाच वाटा मोठा हाय," मी त्यांच्या वस्तादांना म्हणालो. "ठेवून घ्या आता."

वस्ताद हसले नाहीत. स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांनी आबांना घातला.

"जपून घरी न्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीबी कप आम्हालाच पायजे."