फोटोवरचा थर

फोटोग्राफरनं काचेसकट फोटो पाण्याच्या ट्रेमध्ये सोडला, तशी म्हातारीनं डोळे गच्च मिटून घेतले.

“घाबरू नका मावशी,” तो म्हणाला. “ओल लागून काचेला चिकटलाय. भिजला की सुटेल.”

तिच्या मुलाचा तेवढा एकच फोटो उरला होता. मुलगा तापानं गेला होता. रोज सकाळी उठल्या उठल्या ती त्या फोटोचा मुका घ्यायची. मुके घेऊन घेऊन कडा झिजल्या, म्हणून सुनेनं तो काचेत घातला आणि त्या काचेनंच घात केला.

सून भिंतीला टेकून उभी होती. नवरा गेल्यावर तिला कुठेच काम मिळेना. मिळालं ते गावाबाहेरच्या कारखान्यात. तिथे डुकरांची कातडी धुऊन, उकळून जिलेटिन काढत. त्यांच्या धर्मात डुक्कर खाणं तर सोडाच, शिवणंही वर्ज्य. सुनेच्याच पगारावर चूल पेटत होती, तरी सासूनं तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं. ताटं वेगळी झाली. कपडे वाळत घालायच्या दोऱ्याही वेगळ्या झाल्या.

एकदा कारखान्यात पाहुणे आले. साहेबांनी त्यांना कपाट उघडून दाखवलं. औषधाच्या कॅप्सूल, मुलांच्या चघळायच्या गोळ्या, फोटोचा कागद. “सगळीकडे आपलंच जिलेटिन!” ते कौतुकानं म्हणाले. सून तिथेच फरशी पुसत होती. घरी जाईपर्यंत ती एकच वाक्य मनात घोळवत राहिली. आता बोलू दे म्हातारीला. बोलली की तोंडावरच फेकायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीनं फोटोला ओठ लावले. “उठलास का रे राजा?” असं विचारलं. ते वाक्य मनातच ठेवून सून कामाला निघाली.

“सुटला!” फोटोग्राफर म्हणाला.

म्हातारीनं डोळे उघडले. चेहरा शाबूत होता. एक कान तेवढा काचेवर राहिला होता. तिनं हळूच बोट लावून पाहिलं.

“बुळबुळीत लागतंय. काय आहे हे?”

“हाच तर खरा फोटो, मावशी. कागद नुसता आधाराला. चेहरा असतो तो या थरात. आणि हा थर कशाचा, माहितेय? जनावराच्या…”

सुनेला काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं.

“खळ आहे ती, आई,” ती म्हणाली. “मक्याची. कपड्यांना घालतो ना, तसली.”

फोटोग्राफरनं चमकून तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून तो वरमला.

“हो,” तो म्हणाला. “खळच.”

पंख्याखाली फोटो वाळला. म्हातारीनं तो दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ ओठांना लावून ठेवला. आता काच नको म्हणाली, असाच नेते.

बाहेर जिना अरुंद होता, अंधारही होता. सून एक पायरी खाली उतरली आणि वळून तिनं हात पुढे केला.

म्हातारी झटकन मागे सरली.

“शिवू नकोस मला,” ती म्हणाली. “फोटो आहे माझ्या हातात.”