करंजीची कड

"यंदा करंज्या पाठवू नको आई. इथंच भेटल्या मले."

कौसल्याबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. ओट्यावर तेलाच्या बरणीला टेकवलेल्या मोबाइलमध्ये अंकुर हसत होता. पोरगा जर्मनीला गेल्यापासून दर दिवाळीला आर्णीहून त्याच्यासाठी करंज्यांचा डबा जात होता. पोचायला वेळ लागतो म्हणून सणाच्या कितीतरी आधी त्यांचं पीठ भिजायचं.

"जर्मनीत करंज्या?"

"हो ना. अगदी लहानपणी खायचो तशा."

हे मात्र त्यांना झोंबलं. त्यांच्या डब्यातल्या करंज्यांना अंकुर आजवर एकदाही 'तशा' म्हणाला नव्हता. पहिल्या वर्षी म्हणाला, सारण तेच आहे, पण कड तशी नाही. पुढच्या वर्षी त्यांनी रवा दुधात भिजवला, तुपाचं मोहन वाढवलं. तरी कड तशी नाहीच. गेल्या वर्षी तूपच बदललं, तर म्हणे, छान आहेत. पोरगं आईच्या हातच्या खाण्याला 'छान' कधी म्हणतं, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. आपल्याला जे जमलं नाही, ते तिकडच्या कोणाला कसं जमलं? कुठंतरी पाणी मुरत होतं.

"कोण करते?"

"हाय एक ओळखीची."

"ओळखीची!" त्या नवऱ्याकडे वळल्या. "आयकलं काय तुमी?"

पंजाबराव दारातल्या खुर्चीवर पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "असंल कोणी. पोरगं पोटभर खाऊन राह्यलं ना? मंग झालं."

एरवी हा माणूस भाजीत मीठ कमी पडलं तरी आकाशपाताळ एक करायचा. आज पेपरामागं गपगार. कौसल्याबाईंचा संशय आणखी पक्का झाला.

या घरातलं एक लेकरू गेलं होतं, तेवढं पुरे होतं. आठ वर्षांपूर्वी दीपानं अश्वजितशी परस्पर लग्न केलं. पोरगा शिकलेला, निर्व्यसनी, पण जातीबाहेरचा. लोक काय म्हणतील या धास्तीनं कौसल्याबाईंनी लेकीला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं. 'आमच्यासाठी तू मेली,' म्हणाल्या आणि दार लावलं. तेव्हापासून तिचं नाव घरात निघत नव्हतं. मध्यंतरी शेजारच्या वच्छलाबाई सांगायला आल्या होत्या, की लग्नानंतर पुण्याला गेलेली दीपा आता तिथंही नसते म्हणे. कौसल्याबाईंनी त्यांना अर्ध्यातच तोडलं होतं. सणावाराला मात्र आठवण हटकून यायची. मग त्या पोळपाटावर जरा जास्तच जोर काढायच्या. आता अंकुरही कोणाच्या मागं गेला, तर या घरात सण करायचा तरी कोणासाठी?

तेवढ्यात अंकुरच्या मागं काहीतरी वाजलं.

"कोण हाय मांगं?"

"कोणी नाही आई. मांजर हाय."

"जर्मनीतलं मांजर बांगड्या घालते काय?"

पंजाबराव खोकले. अंकुरचं हसू मावळलं.

"तिले समोर आण," कौसल्याबाई म्हणाल्या.

"नाही येत ती."

"काहून?"

"भेते तुले."

"मले कधी पाह्यलं नाही, अन् भेते?"

अंकुरनं मागं वळून पाहिलं. पोरगी चांगलीच पोचलेली दिसत होती. कौसल्याबाईंनी पदराला हात पुसले.

"मंग करंजी तरी दाखव. पाहू दे, केवढी सुगरण हाय ते."

अंकुरनं नाइलाजानं एक करंजी कॅमेऱ्यापुढं धरली. त्यांनी चष्मा चढवला. नाव ठेवायला काहीतरी सापडेलच, याची त्यांना खात्री होती. करपलेली, फुटलेली, काहीही चाललं असतं. त्यांची नजर कडेवर गेली आणि तिथंच थांबली.

मुरड उलटी होती.

मोबाइलात उलटं दिसतं, असं त्यांनी ऐकलं होतं. पण अंकुरच्या शर्टावरची अक्षरं तर सुलट होती. त्यांनी ताटातली आपली करंजी उचलून शेजारी धरली. त्यांची मुरड एका बाजूनं दुमडत गेली होती, ही दुसऱ्या बाजूनं. घट्ट, जाड, पीळ दिलेल्या दोरीसारखी.

अशी मुरड त्यांनी एकाच पोरीच्या हातची पाहिली होती. ती डावखुरी होती. 'देवाच्या कामाले डावा हात लावते?' म्हणत त्यांनी कितीदा तरी त्या हातावर लाटणं मारलं होतं. पोरगी रडायची, पण हात काही बदलला नाही. मग तिच्या करंज्या वेगळ्या ठेवल्या जायच्या. देवाला नाही, पाहुण्यांना नाही. त्या सगळ्या लहानग्या अंकुरच्या वाट्याला यायच्या. तो आधी कड मोडून खायचा.

म्हणजे त्याला हव्या होत्या त्या करंज्या कौसल्याबाईंच्या कधी नव्हत्याच.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. पेपर मांडीवर आला होता. कोण आहे, असं पंजाबरावांनी विचारलं नाही. ते बाहीनं डोळे पुसत होते.

मोबाइलमध्ये पुन्हा बांगड्या वाजल्या, या वेळी अगदी जवळ. कौसल्याबाईंना रडू आवरेना. पिठाच्या हातानंच त्यांनी तोंड दाबलं.

अंकुर घाबरला. "आई, फोन ठेवू काय?"

"ठेवू नको." त्यांनी लाटणं बाजूला सारलं. "तिले सांग, अश्वजितले घेऊन दिवाळीले घरी येजो म्हणा. अन् देवापुढं ठेवाच्या करंज्या यंदा तूच करजो म्हणा. डाव्या हातानं."