समुद्रकाठचं जपान

"इथे चपला काढायच्या, आई," श्यामकांत म्हणाला आणि मालिनीबाईंनी नाक मुरडलं.

चपला काढायला त्यांची हरकत नव्हती. देवळात काढतच होत्या. पण हे देऊळ नव्हतं. जर्मनीच्या उत्तर टोकाला, ऐन समुद्राच्या काठी कुणा निवृत्त कप्तानानं जपानी थाटाचं हे विश्रामगृह उभारलं होतं. लाकडी कमान, कागदाचे कंदील, सरकती दारं आणि दारात किमोनो घालून वाकणारी पिवळ्या केसांची जर्मन पोर. सोंगच आणायचं तर धड तरी आणावं, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात त्यांच्याबरोबर आलेली हेल्गा खाली बसली. तिनं श्यामकांतच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि सपाता त्याच्या पायांशी नेमक्या लावून ठेवल्या. तोही संस्थानिकासारखा पाय पुढे करून उभा!

चिपळूणहून मुंबई, मुंबईहून बोटीनं इटली, तिथून आगगाडीनं ड्युसेलडॉर्फ. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढा प्रवास कुणी हौसेनं करत नाही. मुलगा चार वर्षं इथे रसायनशास्त्राची डॉक्टरेट करत होता. दर पंधरवड्याला वळणदार अक्षरातलं चार पानी पत्र यायचं. मार्चपासून पत्रं टंकलेली यायला लागली, तीही इंग्रजीत. शेजारच्या आत्माराम मास्तरांकडून ती वाचून घ्यावी लागत. दुसऱ्याच पत्रात हेल्गा हे नाव आलं. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. मालिनीबाईंनी त्याच दिवशी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली.

काल त्या पोहोचल्या आणि आज सकाळी मुलगा त्यांना घेऊन इथे निघाला. बरोबर ती होतीच.

"इथलं पाणी जमिनीतूनच गरम येतं," श्यामकांत म्हणाला. "तुझ्या गुडघ्यांना आराम पडेल."

"आमच्या तुरळला गरम पाण्याचे उन्हाळे आहेत. देवळाला लागून. तिथे बायका लुगडं नेसून उतरतात."

त्यांनी त्या पाण्याला पायाचं बोटही लावलं नाही. बाकावर ताठ बसून त्या वाफेतली लालबुंद माणसं बघत राहिल्या. बोहारणीलाही दाखवायला लाज वाटावी असे पंचे गुंडाळून मंडळी इकडून तिकडे हिंडत होती.

जेवायला बसल्यावर हेल्गानं श्यामकांतची बशी जरा फिरवली, बटाट्यांचे तुकडे केले, त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं आणि पेला त्याच्या हाताशी सरकवला. ही कानगोष्ट सकाळपासून चालली होती. दर चार पावलांनी एक.

"मी याला पाचव्या वर्षीच आपल्या हातानं जेवायला शिकवलं होतं," मालिनीबाई म्हणाल्या. "सांग तिला."

त्यानं सांगितलं नाही. हेल्गा मात्र त्यांच्याकडे बघून हसली आणि मान डोलावून "जा, जा," म्हणाली. या लोकांच्यात 'होय'ला 'जा' म्हणतात. भाषासुद्धा उलट्या काळजाची.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून फोटो काढून मुलाच्या हातात ठेवला. "दत्तात्रय वकिलांची शुभा. बी. ए. झालीय. गाते."

श्यामकांतनं फोटो क्षणभर धरला. "छान आहे," म्हणाला आणि खिशात घातला.

मालिनीबाईंना ते झोंबलं. बाजारात वांगं घेतानासुद्धा माणूस याहून जास्त वेळ लावतो.

"आई, तुला एक सांगायचंय."

"काय सांगणार ते ठाऊक आहे मला. तिच्यासमोर ऐकायचं नाही आणि तिच्या पाठीमागेही नाही. परतीच्या बोटीवर तू माझ्याबरोबर असशील, एवढंच मी ऐकणार."

त्यानं मान खाली घातली. त्याचा हा गुण अजून शाबूत होता.

दुपारी मंडळी लाटांच्या तलावाकडे गेली. खरा समुद्र पन्नास पावलांवर असताना या लोकांनी काचेच्या छताखाली यंत्रानं लाटा केल्या होत्या. भोंगा वाजला की पाणी उसळायचं आणि टकलं पडलेले बाप्ये पोरांसारखे किंचाळायचे. पलीकडच्या घसरगुंडीवरून एकेक पोट घरंगळत येऊन पाण्यात आदळत होतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जगाला आग लावायला निघाले होते ते हेच का?

मग त्यांना श्यामकांत दिसला. हेल्गा, अंगात वीतभर कापड, त्याचे दोन्ही हात धरून उलट्या पावलांनी पाण्यात उतरत होती. तो तिच्यामागे ओढला जात होता. आणि हसत होता. कालपासून आईसमोर एकदाही न हसलेला मुलगा तोंडभर हसत होता.

मालिनीबाई उठल्या. लुगड्याचा काठ भिजला, त्याची त्यांनी पर्वा केली नाही.

"सोड त्याला!"

तलावातली डोकी वळली. हेल्गानं हात सोडले नाहीत. श्यामकांतकडे बघत तिनं हळूच काहीतरी विचारलं.

"जा," श्यामकांत म्हणाला.

त्या शब्दाचा इथला अर्थ बाईंना माहीत होता. पण आत्ता तो त्यांना अस्सल मराठी वाटला.

हेल्गानं त्याचे हात सोडले. टॉवेल खांद्यावर घेऊन ती निघाली. दारापाशी पोहोचेपर्यंत तीनदा मागे वळली. मालिनीबाईंनी तिसऱ्या वेळी पदर सारखा केला आणि हनुवटी वर उचलली. एवढाच दम होता तर! त्यासाठी बोटीत तीन आठवडे उलट्या काढल्या.

"चल," त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

दहा पावलांवर त्यांच्या लक्षात आलं, मागे पावलं वाजत नाहीत. त्या वळल्या. श्यामकांत गुडघाभर पाण्यात, तिनं सोडलं तिथेच उभा होता. भोंगा वाजला. पाणी फुगायला लागलं.

"काय रे? येतोस ना?"

"येतो," तो म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. पण त्यांच्याकडे नाही, डावीकडच्या खांबाकडे.

"बोलत राहा, आई. मला दिसत नाही."