टॅपेटचा आवाज

मागच्या शेडमधून गाडी निघाली ती टकटक करतच. सून घराला वळसा घालून ती पुढच्या दारी घेऊन आली, सासऱ्यांच्या खिडकीखाली उभी केली आणि इंजिन तसंच चालू ठेवून स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसली. रोज संध्याकाळी तिचं हेच चालायचं. वर माडीवर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला वाटायला हवं ना, मुलगा टॅक्सी घेऊन घरी आला म्हणून!

मुलगा कुठला यायला! सासरे अर्धांगाच्या झटक्याने हॉस्पिटलात पडले होते, तेव्हाच तो गेला. पेट्रोलपंपावर रांगेत बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, "इतक्यात सांगू नका, झेपायचं नाही त्यांना." झालं! ती जी गप्प बसली ती बसलीच. घरात धड रडायचीही चोरी. गाडीत इंजिनच्या आवाजात काय मन मोकळं होईल तेवढंच.

मुलगा वर का येत नाही, हे म्हाताऱ्याने कधी विचारलं नाही. बापलेकांत अबोलाच होता तसा. त्याचं कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. टॅपेट! इंजिनातल्या झडपा हलवणारे छोटे खटके. म्हाताऱ्याने सगळा जन्म इंजिनं खोलण्यात घातलेला. मुलाच्या गाडीचा आवाज ऐकून तो म्हणाला, "रात्रभर उभ्या गाडीचं तेल खाली उतरतं. वरचे टॅपेट कोरडे पडतात, म्हणून सुरू करताना वाजतात. तेल वर चढलं की गप्प होतात. पण हे फारच वाजतायत. तेल बदल, नाहीतर इंजिनची वाट लागेल." मुलगा तडकला, "गाडी माझी आहे." बाप म्हणाला, "बरं बाबा, तुझी." एवढंच. दोघेही एकाच हट्टी हाडाचे; माघार कोण घेणार?

टकटक थांबून बराच वेळ झाला, तेव्हा तिने इंजिन बंद केलं. तोंडावर पाणी मारलं आणि चहा घेऊन ती जिना चढली.

"आले बरं का," रोजच्यासारखंच ती म्हणाली. "दमलेत. जेवून लगेच झोपतो म्हणाले."

म्हातारा एरवी नुसता हुं करायचा. आज त्याने धडधाकट हाताने तिचं मनगट धरलं.

"पोरी, दिवसभर फिरून आलेली गाडी दारात अशी वाजत नाही. तिचं तेल वर चढलेलं असतं. ही शेडमधून उठून आलेली गाडी आहे."

तिने कप खाली ठेवला.

"तुम्हाला... कधी कळलं, बाबा?"

"हॉस्पिटलातून आलो त्याच संध्याकाळी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? अबोला धरायला तरी तो आहे, असं वाटायचं. मेल्याने तेल बदललंच नाही बघ शेवटपर्यंत. आणि मी म्हातारा, एकदा हाक मारली असती तर काय बिघडलं असतं माझं?"

ती पलंगाच्या कडेला बसली. मनगट अजून त्याच्याच हातात होतं.

"मग आजच का सांगितलंत? चालू दिलं असतं तसंच."

म्हाताऱ्याने खिडकीकडे पाहिलं.

"अगं, टकटक चालू असते तोवर मीही धरून चालतो, की तो आलाय. पण मग तेल वर चढतं, टकटक थांबते, आणि तुझं रडणं ऐकू येतं."