टाक्याची साक्ष

"टाकं किती जुनं, एवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले.

शुक्रीने पुन्हा तेच सांगितलं. टाकं त्याच्या बापाने, सालेमने, खडकात खोदलं होतं, हे सैन्य ज्या युद्धात आलं त्याच्या कितीतरी आधी. त्यातल्या पावसाच्या पाण्यावर घर आणि शेळ्या उन्हाळा काढत. लष्कराच्या वकिलाचं म्हणणं वेगळं होतं. टाकं नवं, परवानगीवाचून खोदलेलं, म्हणून बुजवायचं.

शुक्रीची वकील लमीस वयाने पोरसवदा, पण आवाज खणखणीत. "दुसऱ्याच्या मुलखाचा ताबा घेतलेलं सैन्य तिथल्या पाण्याचं राखणदार असतं, मालक नव्हे. जगाचा कायदा आहे हा. सैन्य येण्याआधीपासून लोक ज्या टाक्यावर जगतायत, ते बुजवायचं कसं?"

"आधीपासून हे कशावरून?" न्यायाधीशांनी विचारलं.

कागद नव्हता. शुक्री मालक, त्याचा शब्द हलका. थोरला भाऊ औदा मागच्या बाकावर बसला होता, पण तोही घरचाच.

तेवढ्यात शुक्रीची बायको फिद्दा उठली. कुणी बोलावलं नव्हतं.

"देवाशपथ सांगते, मी पडलेय त्यात," ती म्हणाली. "तेव्हा या गावची नव्हते. युद्धाच्या आदल्या वर्षी आईबरोबर इथे लग्नाला आले होते. पाण्यात तोंड बघायला वाकले आणि आत गेले."

दुभाष्याने ते न्यायाधीशांच्या भाषेत सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"आत काय होतं?" लष्कराच्या वकिलाने विचारलं.

"उतरताना डाव्या हाताला खडकात कोनाडा आहे. तोच धरून लटकले होते."

वकिलाने स्वतःच्याच लोकांनी काढलेले फोटो चाळले. कोनाडा होता. त्याने फोटो परत पाकिटात सारले.

"बाहेर कोणी काढलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"एका मुलाने. दोर बांधून उतरला. माराच्या भीतीने दोघांनीही घरी सांगितलं नाही. कपडे वाळेपर्यंत खडकावर बसून राहिलो."

"कोण तो मुलगा?"

फिद्दाने ओढणी तोंडावर घेतली. सगळ्यांच्या नजरा शुक्रीकडे वळल्या. शुक्री कानापर्यंत लाल झाला. न्यायाधीश हसले आणि त्यांनी उत्तराचा आग्रह धरला नाही.

दुपारी हुकूम झाला. टाक्याला हात लावायचा नाही.

औदाच्या गाडीतून तिघं परत निघाले. लष्कराची चौकी मागे पडेपर्यंत शुक्रीने दम धरला, मग फुटलाच.

"अगं बाई! मी आणि दोर बांधून उतरणार? मला शिडीवर चढलं तरी घेरी येते! औदा, ऐकलंस ना तुझ्या भावजयीचं?"

औदा रस्त्याकडे बघत राहिला.

"शेळीलासुद्धा खोटी हाक मारत नाही ही," शुक्री म्हणाला, "आणि आज देवाच्या नावाने केवढी थाप! घाबरू नकोस, उम्म ईद, माझ्या ईदच्या आई. कयामतीला अर्धं पाप माझ्या नावावर सांग. अर्धं कशाला, सगळंच सांग."

"गप बसा," फिद्दा म्हणाली, पण तिचा हात सीटवर सरकून त्याच्या हातावर आला होता.

घरी पोचल्यावर औदा शेळ्यांकडे गेला. गावातली माणसं येऊन खजूर वाटून गेली. फिद्दाने टाक्यातून बादली शेंदली आणि गार पाण्याचा तांब्या शुक्रीच्या हातात दिला. तो टाक्याच्या कडेलाच टेकला.

"इतकी वर्षं संसार केला," तो हळूच म्हणाला, "पण माझ्यासाठी तू खोटं बोलशील, असं कधी वाटलं नव्हतं."

"मी खोटं बोलले नाही, अबू ईद."

शुक्रीचा तांब्या ओठांपाशीच थांबला. पलीकडे औदा एका करडाला कडेवर घेऊन कुंपणाची काटेरी फांदी नीट बसवत होता. शुक्री बराच वेळ भावाकडे बघत राहिला.

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"मग आमच्याकडून मागणी आली, तेव्हा माझ्याशी लग्नाला हो का म्हणालीस?"

फिद्दा हसायला लागली. हसता हसता तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि त्याच्या शेजारी, अगदी खेटून बसली.

"बाप एवढंच म्हणाला होता, सालेमच्या मुलाचं स्थळ आलंय. कुठल्या मुलाचं, ते मी विचारलंच नाही."